गाडीचा विमा: आधी तुमचं राज्य कुठलं ते सांगा

अमेरिकेतल्या गाडीच्या विम्याबद्दल काय विचारायचं ते विचारा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली, अर्धी इकडच्या मराठी मंडळींची आणि अर्धी तिकडून, काळजीत पडलेल्या आईवडिलांची. आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य आहेच, "मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने सांगितलं की..." आता तो सांगणारा राहतो ह्यूस्टनला आणि विचारणारा बॉस्टनला, तिथेच सगळा घोळ होतो. इकडे गाडीचा विमा हा विषय वॉशिंग्टनच्या हातात नाही, १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने विम्याचं नियमन राज्यांकडेच ठेवलं, त्यामुळे सक्ती आहे की नाही, असली तर कशाची आणि किती रकमेची, हे सगळं राज्यागणिक वेगळं. मॅसॅच्युसेट्सने १९२७ मध्ये सक्ती आणली, न्यूयॉर्कला ती आणायला पुढे तीस वर्षं लागली, आणि एक राज्य अजूनही आणायला तयार नाही. त्याचं पत्र खाली आहेच.

प्रश्न: आम्ही एडिसन, न्यू जर्सीहून डॅलसजवळ फ्रिस्कोला शिफ्ट होतोय. पॉलिसीचे चार महिने बाकी आहेत, प्रीमियम पूर्ण भरलाय. संपेपर्यंत चालेल ना? मित्र म्हणतो नुसता पत्ता बदल, झालं काम.

उत्तर: नुसता पत्ता बदलून काम होत नाही हो. गाडी रोज रात्री जिथे उभी राहते त्या पत्त्यावर आणि त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे पॉलिसी लिहिलेली असते, त्यामुळे कंपनी तीच ठेवलीत तरी टेक्ससची पॉलिसी नवीनच निघणार. जुनीचे उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतात, तेव्हा चार महिन्यांसाठी जीव अडकवू नका. टेक्ससला राहायला गेलात की ३० दिवसांत गाडी रजिस्टर करायची, लायसन्सला ९० दिवस, आणि रजिस्ट्रेशनच्या वेळीच विम्याचा पुरावा मागतात.

क्रम मात्र नीट पाळा. आधी टेक्ससची पॉलिसी घ्या, मग गाडी तिथे रजिस्टर करा, मग न्यू जर्सीच्या प्लेट परत करा, आणि सगळ्यात शेवटी न्यू जर्सीची पॉलिसी बंद करा. बहुतेक लोक बरोबर उलटं करतात, पैसे वाचतील म्हणून आधी जुनी पॉलिसी बंद करतात, मग न्यू जर्सीच्या मोटर व्हेइकल कमिशनला दिसतं की प्लेट चालू आहे पण विमा नाही, आणि त्यांचं सस्पेन्शनचं पत्र जातं जुन्या पत्त्यावर जिथे तुम्ही नसताच. न्यूयॉर्क ह्यात आणखी कडक, तिथे प्लेट परत न करता विमा तुटला तर दिवसाला ८ डॉलरपासून दंडाचं मीटर सुरू होतं आणि महिनाभराने दरही वाढतो.

आता एक करा, पॉलिसीचं पहिलं पान काढा, इकडे त्याला डेक पेज म्हणतात. त्यावर लायबिलिटीसमोर ३५/७०/२५ असे तीन आकडे दिसतील, हे हजारात असतात. पहिला म्हणजे तुमच्या चुकीने एका माणसाला इजा झाली तर कंपनी जास्तीत जास्त किती देणार, दुसरा म्हणजे एका अपघातातल्या सगळ्या जखमींना मिळून किती, आणि तिसरा समोरच्याच्या गाडीचं, कुंपणाचं, दुकानाच्या शटरचं जे काय मोडेल त्याचे. न्यू जर्सीच्या स्टँडर्ड पॉलिसीचा किमान आकडा २०२६ च्या सुरुवातीपासून ३५/७०/२५ झालाय, टेक्ससचा ३०/६०/२५ आहे. म्हणजे फरक फार नाही असं वाटेल. खरा फरक त्याच पानावर खालच्या ओळीत आहे. तिथे पीआयपी लिहिलेलं असेल, पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन, म्हणजे चूक कोणाची का असेना, तुमच्या आणि घरच्यांच्या औषधपाण्याचा खर्च तुमचीच कंपनी देते. न्यू जर्सीत हे घ्यावंच लागतं आणि तुम्ही कमी केलं नसेल तर ते अडीच लाख डॉलरपर्यंत असतं. टेक्ससमध्ये पीआयपीची सक्ती नाही, कंपनीने ते द्यायला हवं पण तुम्ही "नको" म्हणून सही केलीत की संपलं, आणि सही नाही केलीत तरी ते सुरू होतं फक्त अडीच हजारांपासून. ऑनलाइन पॉलिसी घेताना ही "नको"वाली सही एका क्लिकमध्ये होऊन जाते, लोकांना कळतही नाही. तिथे थांबा आणि वाचा. विमा नसलेल्या ड्रायव्हरने ठोकलं तर लागणारं जे यूएम कव्हर, त्याचंही तिथे असंच आहे, नको असेल तर लेखी नको म्हणायचं.

प्रश्न: मी पिट्सबर्गला नवीन आहे. पेनसिल्व्हेनियाचं मिनिमम घेतलंय, १५/३०/५. कायद्याने एवढंच लागतं तर जास्त कशाला घ्यायचं? आणि एजंट "लिमिटेड टॉर्ट की फुल टॉर्ट" विचारत होता, मी स्वस्त ते घेतलं.

उत्तर: लायबिलिटीला कायद्याने एवढंच लागतं हे बरोबर आहे. पण कायदा तुमच्या बचतीचा विचार करून तो आकडा ठरवत नाही, प्लेट मिळण्यापुरता तो आकडा आहे. हिशेबच करून बघू, आकडे मी समजण्यासाठी घेतलेत. सिग्नलला तुमचा पाय ब्रेकवरून सटकला आणि समोरच्या गाडीवर तुम्ही आदळलात, आत तिघं होती. एकाचा हॉस्पिटलचा खर्च २२ हजार, दुसऱ्याचा ९, तिसऱ्याचा ६, आणि गाडी ३८ हजारांची होती ती टोटल झाली. कंपनी पहिल्याला देणार १५ कारण एका माणसाची मर्यादा तेवढीच, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ६, झाले ३० हजार, दुसरा आकडाही तिथे संपला. गाडीचे देणार ५. म्हणजे पहिल्या माणसाचे ७ आणि गाडीचे ३३ असे ४० हजार डॉलर उरले, आणि ते ज्याच्या नावाने कोर्टाचा निकाल लागणार तो माणूस तुम्ही. तेही अजून दुखण्याखुपण्याची भरपाई कोणी मागितली नाही असं धरून. रस्त्यावर आज ज्या गाड्या दिसतात त्यातली कुठलीही सेन्सरवाली गाडी नुसती बंपरवर लागली तरी पाच हजार पुरत नाहीत कित्येकदा.

१००/३००/१०० चा भाव विचारून बघा. मर्यादा कितीतरी पट होते म्हणून प्रीमियमही तितके पट होत नाही, कारण पहिल्या काही हजारांचीच जोखीम सगळ्यात महाग असते. घर झालं, थोडी बचत झाली की अंब्रेला पॉलिसीचा, म्हणजे नेहमीच्या लायबिलिटीच्या वरची जादा मर्यादा देणाऱ्या पॉलिसीचा विचार करा, पण ती देणाऱ्या कंपन्या आधी गाडीची लायबिलिटी साधारण २५०/५०० मागतात.

टॉर्टचं ऐका. लिमिटेड टॉर्ट घेतलंत म्हणजे उद्या दुसऱ्याच्या चुकीने तुम्हाला लागलं तर हॉस्पिटलचे बिल, बुडालेला पगार हे मागता येईल, पण वेदना, त्रास, महिनोन्महिने वाकता न येणं ह्याची भरपाई इजा गंभीर असल्याशिवाय मागता येत नाही, काही अपवाद सोडून. आणि हा निर्णय तुमच्या एकट्याचा राहत नाही, त्या पॉलिसीखाली येणाऱ्या घरच्यांनाही तो बांधतो. बायकोला न विचारता केलं असेल तर आज संध्याकाळी सांगून टाका. माझं मत विचाराल तर फुल टॉर्ट.

प्रश्न: हे सगळं वाचून गंमत वाटते. मी कोल्हापूरहून गाडी घेऊन गोव्याला जातो, मुलाकडे बंगळूरला जातो, विम्याचा विचारही मनात येत नाही. आपल्याकडे असं राज्याराज्याचं काही आहे का?

उत्तर: नाही काका, निवांत जा. मोटार वाहन कायदा १९८८ देशभर एकच, त्याच्या कलम १४६ ने थर्ड पार्टी विमा सगळीकडे सक्तीचा, आणि थर्ड पार्टीचे दरही राज्य नाही ठरवत, ते देशासाठी एकत्र ठरतात. एमएच ०९ ची पॉलिसी गोव्यात जशीच्या तशी चालते. बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर रजिस्ट्रेशन बदलावं लागतं, तेव्हा पॉलिसीवरही नवा नंबर चढवून घ्यायचा, एवढंच.

एक गोष्ट मात्र इकडच्या मुलांना सांगायला तुमचं पत्र उपयोगी पडलं. आपल्याकडे थर्ड पार्टीत समोरच्या माणसाचा मृत्यू किंवा इजा झाली तर ठराविक रकमेची मर्यादा नसते, ट्रिब्युनल जी रक्कम ठरवेल ती विमा कंपनी देते, मर्यादा आहे ती मालमत्तेच्या नुकसानीला, साडेसात लाखांची. त्यामुळे "थर्ड पार्टी काढलाय ना, मग झालं" हे वाक्य आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं, आणि तेच डोकं घेऊन आपण इकडे येतो आणि १५/३०/५ वर सही करून मोकळे होतो.

प्रश्न: माझा मुलगा डेट्रॉइटजवळ नोव्हायला असतो आणि मुलगी कोलंबस, ओहायोला. दोघांच्या गाड्या सारख्याच, दोघांचं रेकॉर्ड स्वच्छ, पण मुलगा विम्याला बहिणीपेक्षा कितीतरी जास्त भरतो. त्याला कोणी फसवतंय का? आम्ही दोघं पुण्याहून एप्रिलमध्ये त्याच्याकडे जाणार आहोत.

उत्तर: फसवत नाहीये कोणी, तो मिशिगनमध्ये राहतो एवढाच त्याचा गुन्हा. दोन शेजारची राज्यं पण विम्याची रचना पूर्ण वेगळी. ओहायोत साधा हिशेब, ज्याची चूक त्याची कंपनी भरणार, किमान २५/५०/२५, संपला विषय. मिशिगन १९७३ पासून नो-फॉल्टवालं राज्य, म्हणजे अपघातात जखमी झालेल्याचा उपचाराचा खर्च चूक कोणाची हे न बघता त्याच्या स्वतःच्या पॉलिसीतून. असं इतरही काही राज्यांत आहे, पण मिशिगनने त्यावर एक अशी गोष्ट केली जी दुसऱ्या कुठल्याच राज्यात टिकली नाही, उपचाराला मर्यादाच ठेवली नाही. मणका मोडून जन्मभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा नर्सचा, घरात रॅम्प बांधण्याचा खर्चसुद्धा आयुष्यभर. हे बेभरवशाचे मोठे क्लेम पेलायला १९७८ मध्ये एक वेगळी संस्था काढली आणि तिच्यासाठी प्रत्येक गाडीमागे वर्षाला फी घ्यायला लागले, २०१९ मध्ये ती फी गाडीमागे २२० डॉलर होती, प्रीमियम वेगळा. तेव्हा वर्षानुवर्षं मिशिगनचं नाव देशातल्या सगळ्यात महाग राज्यांत का यायचं ते लक्षात येईल.

लोक वैतागले, २०१९ मध्ये कायदा बदलला आणि जुलै २०२० पासून निवड आली. आता अमर्याद घ्या, पाच लाख घ्या, अडीच लाख घ्या, मेडिकेडवाल्यांना (कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी आरोग्य योजना) ५० हजारांचा पर्याय, मेडिकेअरवाल्यांना (मुख्यतः ज्येष्ठांची सरकारी योजना) काही अटींवर मेडिकल पूर्ण सोडताही येतं. मुलाला विचारा त्याने काय निवडलंय. न निवडता फॉर्म तसाच दिला असेल तर अमर्यादच लागतं. त्याचा ऑफिसचा हेल्थ इन्शुरन्स गाडीच्या अपघाताचा खर्च देतो का हे आधी लेखी विचारायचं आणि मगच खाली उतरायचं, कारण काही प्लॅन मिशिगनमध्ये नेमका गाडीचा अपघात वगळतात. लायबिलिटीचंही तिथे उलट आहे, न सांगितल्यास २५०/५०० धरतात, कमी हवं असेल तर सही करून ५०/१०० पर्यंत उतरता येतं.

आणखी एक मिशिगनी प्रकार आहे, तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरा वाटत नाही. दुसऱ्याने येऊन चालती गाडी ठोकली, पूर्ण चूक त्याची, तरी तुमच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी त्याच्याकडून जास्तीत जास्त ३ हजार डॉलर मिळतात, त्याला मिनी-टॉर्ट म्हणतात, २०२० च्या आधी तर ते हजारच होते. बाकीचं तुमच्या स्वतःच्या कोलिजन कव्हरमधून, म्हणजे टकरीत तुमच्याच गाडीचं जे नुकसान होतं त्याच्या कव्हरमधून. म्हणून तिथे "ब्रॉड कोलिजन" विचारून घ्यायचं, त्यात चूक प्रामुख्याने तुमची नसेल तर डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला आपल्या खिशातून भरायचा वाटा, भरावं लागत नाही. पण हीच गाडी नीट पार्क केलेली असताना कोणी ठोकली तर मात्र दुसऱ्याच्या पॉलिसीतलं मालमत्तेचं कव्हर लागतं आणि ते राज्यात दहा लाख डॉलरपर्यंत असतं! चालत्या गाडीला तीन हजार आणि उभ्या गाडीला दहा लाख, असा न्याय.

आता तुमच्या दोघांचं, आणि हे पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं. २०१९ च्या त्या बदलानंतर मिशिगनचे रहिवासी नसलेल्या माणसाला हे नो-फॉल्टचं मेडिकल सहसा मिळत नाही, मिशिगनमध्ये रजिस्टर आणि विमा केलेली गाडी त्याच्या स्वतःच्या नावावर असल्याशिवाय. म्हणजे मुलाच्या गाडीत तुम्ही मागे बसलाय, अपघात झाला, मुलाचा खर्च त्याची पॉलिसी त्याने निवडलेल्या मर्यादेपर्यंत देईल आणि तुम्हा दोघांचा देणार नाही, तुम्हाला ज्याची चूक त्याच्यावर दावा लावावा लागेल, आणि तो ड्रायव्हर तुमचा मुलगाच असला तर मग बोलायलाच नको. तेव्हा व्हिजिटर इन्शुरन्स घेताना "वय जास्त आहे, महाग पडतो, फिक्स्डवाला स्वस्त घेऊ" असं करू नका, फिक्स्डवाला म्हणजे प्रत्येक उपचाराला ठराविकच रक्कम देणारा. अपघाताची रक्कम चांगली असलेला घ्या, पुण्याहून विमान सुटायच्या आधी.

प्रश्न: टॅम्पाला मला मागून एका पिकअपने ठोकलं. चूक शंभर टक्के त्याची, पोलिसांनी तसं लिहिलंय, त्याच्याकडे फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे विमाही आहे. तरी माझ्या खांद्याच्या ऑपरेशनचे पैसे द्यायला कोणी तयार नाही. हे कसं शक्य आहे?

उत्तर: फ्लोरिडात अगदी शक्य आहे. तिथे साध्या खाजगी गाडीला सक्ती दोनच गोष्टींची, १० हजारांचं पीआयपी आणि १० हजारांचं समोरच्याच्या मालमत्तेचं. समोरच्या माणसाला इजा झाली तर त्याचं कव्हर, म्हणजे त्या तीन आकड्यांतले पहिले दोन, तिथे बहुतेक गाड्यांना रजिस्ट्रेशनच्या वेळी घ्यावंच लागत नाही. म्हणून त्या पिकअपवाल्याचा विमा कायद्याने पूर्ण आणि तुमच्या कामाचा शून्य. २०२१ मध्ये विधिमंडळाने हे मोडून इजेचं कव्हर सक्तीचं करायचं बिल मंजूर केलं होतं, गव्हर्नर डिसँटिस यांनी व्हेटो केला.

तुमच्या हातात काय आहे ते बघू. पहिलं तुमचं स्वतःचं पीआयपी, ते उपचाराच्या ८० टक्के आणि बुडालेल्या पगाराच्या ६० टक्के देतं, एकूण १० हजारांपर्यंत, पण अपघातापासून १४ दिवसांत डॉक्टरकडे गेला असाल तरच, आणि डॉक्टरने ती इमर्जन्सी अवस्था होती असं लिहिलं नसेल तर अडीच हजारांवरच थांबतं. पत्रात तारीख नाही, पण चौदा दिवस व्हायचे असतील तर हे वाचणं सोडा आणि आधी क्लिनिकला जा, "दोन दिवस बाम लावून बघू" हा आपला घरगुती उपाय फ्लोरिडात फार महाग पडतो. दुसरं तुमचा हेल्थ इन्शुरन्स. तिसरं डेक पेजवर यूएम आहे का बघा, विमा नसलेल्या किंवा अपुरा विमा असलेल्या ड्रायव्हरसाठीचं कव्हर, तुमच्यासारख्या केसलाच ते असतं. असेल तर तुमच्याच कंपनीकडे क्लेम लावा आणि खांद्याचं ऑपरेशन आहे म्हणजे आधी वकील गाठा, पहिली भेट बहुतेक जण फुकट देतात. नसेल तर त्या माणसावर वैयक्तिक दावा उरतो, आणि त्याच्याकडे असेल काय, तो पिकअप आणि त्याचं कर्ज. फ्लोरिडात राहणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो, बाकी कुठे काटकसर करायची ती करा, यूएम सोडू नका.

प्रश्न: न्यू हॅम्पशायरला विमा लागतच नाही म्हणतात. आम्ही नॅशुआला घर बघतोय, नोकरी बॉस्टनजवळ. तेवढाच खर्च वाचेल?

उत्तर: "लिव्ह फ्री ऑर डाय" असं त्यांच्या नंबर प्लेटवरच छापलेलं असतं, त्यांच्याकडून दुसरी काय अपेक्षा. हो, सरसकट सक्ती नाही. पण अपघात केलात आणि भरपाई देता आली नाही तर लायसन्स आणि रजिस्ट्रेशन दोन्ही जातं, दारू पिऊन चालवताना सापडलात तर विम्याचा पुरावा म्हणून एसआर-२२ फॉर्म लावावा लागतो, आणि गाडी कर्जावर असेल तर बँक विम्याशिवाय किल्ली देणारच नाही. विमा घेतला तर तो २५/५०/२५ च्या खाली मिळत नाही. शिवाय तुम्ही रोज मॅसॅच्युसेट्समध्ये गाडी चालवणार, तिथे न्यू हॅम्पशायरचं स्वातंत्र्य सोबत नेता येत नाही. विमा घ्या. घर जरूर नॅशुआला घ्या, तिथे सेल्स टॅक्स नाही, त्यात वाचवा.

प्रश्न: व्हर्जिनियात ५०० डॉलर भरले की विमा न काढता गाडी चालवता येते ना?

उत्तर: यायची. १ जुलै २०२४ पासून ते बंद झालं. आणि ते ५०० भरून कव्हर काहीच मिळायचं नाही, नुसती विम्याशिवाय चालवायची परवानगी. आता विमा लागतोच आणि २०२५ पासून किमान ५०/१००/२५, म्हणजे एकदम ढिल्या राज्यांतून कडक राज्यांत उडी.

प्रश्न: दादा, मी सॅन होजेला एमएस करतोय. सेकंड हँड कोरोला घेतली तेव्हा सीनियरने मिनिमम १५/३०/५ घ्यायला सांगितलं होतं. आता रिन्यूअलला कंपनीने न विचारता ३०/६०/१५ केलं आणि पैसे वाढवले. तक्रार करू का?

उत्तर: तक्रार कोणाकडे करणार, कायदाच बदललाय. कॅलिफोर्नियाचे ते १५/३०/५ १९६७ पासून तसेच होते, अर्धं शतक कोणी हात लावला नाही, त्या काळात पाच हजारांत नवी कोरी गाडी यायची. १ जानेवारी २०२५ पासून ३०/६०/१५ झालं, आणि २०३५ मध्ये ५०/१००/२५ होणार हेही त्याच कायद्यात लिहून ठेवलंय. तुझ्या सीनियरचं तेव्हा बरोबर होतं. कमाई अगदी कमी असेल तर राज्याची लो कॉस्ट ऑटो इन्शुरन्स योजना आहे, तिची मर्यादा आणखी खाली, १०/२०/३, तू बसतोस का ते त्यांच्या साइटवर बघ. एक गोष्ट तुझ्या फायद्याची आहे, कॅलिफोर्नियात गाडीच्या विम्याचा दर ठरवताना क्रेडिट स्कोअर बघता येत नाही, मॅसॅच्युसेट्स आणि हवाईतही नाही. नोकरी लागून दुसऱ्या राज्यात गेलास आणि क्रेडिट हिस्टरी नुकतीच सुरू झालेली असली तर तिथे भाव ऐकून दचकशील, तेव्हा एका कंपनीवर न थांबता चार ठिकाणी कोट घे. आणि भारतातला ड्रायव्हिंगचा अनुभव धरता का हे प्रत्येकाला विचार, काही कंपन्या धरतात.

प्रश्न: आम्ही ठाण्याहून उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी मुलीकडे कॅलिफोर्नियाला जातोय. यांना तिची गाडी चालवायची हौस आहे. शिवाय भाड्याची गाडी घेऊन नेवाडा, युटा, ॲरिझोना फिरायचा बेत आहे. प्रत्येक राज्यात वेगळा विमा लागेल का?

उत्तर: ताई, लायसन्सचं सोपं आहे, कॅलिफोर्नियात पाहुण्याला आपल्या देशाच्या चालू लायसन्सवर चालवता येतं. तरी इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट ठाण्याच्या आरटीओतूनच काढून न्या, भारतीय लायसन्सवर ते इकडे मिळत नाही, आणि भाड्याच्या काउंटरवर आणि रस्त्यात पोलिसाने थांबवलं तर ते बरं पडतं.

मुलीच्या गाडीचं मात्र ती गाडी चालवण्याआधी कंपनीला फोन करून विचारायचं. एखाद्या दिवशी दुधाला जाऊन येणारा पाहुणा वेगळा आणि सहा महिने घरात राहून रोज चालवणारा माणूस वेगळा, ह्या दुसऱ्या प्रकारच्या माणसाचं नाव कंपनीला सांगावं लागतं आणि बहुधा पॉलिसीवर चढवावं लागतं. लपवलं आणि क्लेम आला तर भांडण तिथूनच सुरू होतं. कॅलिफोर्नियात काही पॉलिसींत आणखी एक अट असते, नाव न चढवलेल्या माणसाने परवानगीने गाडी चालवली तर मुलीने घेतलेली मोठी लिमिट लागू न होता राज्याचं किमानच लागू होतं. म्हणजे तिने १००/३०० घेतलंय म्हणून बाबा निश्चिंत, आणि प्रत्यक्षात बाबांना ३०/६०.

राज्याच्या हद्दीचं टेन्शन घेऊ नका. मुलीची पॉलिसी ज्या राज्यात फिराल त्या राज्याच्या किमान आकड्यापर्यंत आपोआप वर चढते, तसं कलम नेहमीच्या पॉलिसीत असतं. युटाचं किमान ३०/६५/२५ आहे, कॅलिफोर्नियाच्या ३०/६०/१५ वाल्याला तिथे अपघात झाला तर ३०/६५/२५ धरतात. हे फिरायला गेलेल्यांसाठी, राहायला गेलेल्यांसाठी नाही.

भाड्याच्या गाडीला काउंटरवरचा माणूस दोन गोष्टी विकतो आणि दोन्ही एका दमात बोलतो. एक त्यांच्या गाडीच्या नुकसानीची माफी, सीडीडब्ल्यू, ती मुलीचं क्रेडिट कार्डही कधीकधी देतं, पण गाडी तिच्या नावावर घेतली असेल, पैसे त्याच कार्डाने भरले असतील आणि चालवणाऱ्यांत यांचं नाव लिहून घेतलं असेल तर. दुसरी लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्या माणसाला लागलं तर. ही क्रेडिट कार्ड देत नाही. तुमची स्वतःची अमेरिकन पॉलिसी नाही, तेव्हा गाडी यांच्या नावावर घेणार असाल तर लायबिलिटी काउंटरवर घ्याच, किंवा भारतातून बुकिंग करताना दोन्ही धरलेलं पॅकेज बघा, बरेचदा स्वस्त पडतं. आणि त्या पॅकेजमध्ये लायबिलिटीचा आकडा किती लिहिलाय तो वाचून, प्रिंट काढून पासपोर्टबरोबर ठेवा. काउंटरवरचा माणूस पुन्हा विकायला बघतोच.